वाड्यातला जुना गालिचा: त्याचं मूळ शोधायचं कसं

२००९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात एक जुना गालिचा लिलावाला आला. सुमारे अकरा फूट लांब, पाच फूट रुंद, निळ्या जमिनीवर मोठाली पानं. लिलाववाल्यांनी अंदाज लावला ९०० युरोंचा, आणि तो १९,७०० युरोंना गेला. सहा महिन्यांनी, एप्रिल २०१० मध्ये, तोच गालिचा लंडनच्या ख्रिस्टीजमध्ये सुमारे ६२ लाख पौंडांना विकला गेला. मधल्या काळात गालिचा होता तसाच होता. फक्त दोन गोष्टी कळल्या होत्या. तो सतराव्या शतकात इराणमधल्या केरमान भागात विणला गेला होता, आणि पुढे पॅरिसच्या काउंटेस द बेहाग यांच्या संग्रहात होता. जाणकारांच्या एका ग्रंथात त्याचं छायाचित्रही छापलेलं होतं. आधीच्या मालकिणीने पहिल्या लिलाववाल्यावर दावा लावला, पण कोर्टाने तो फेटाळला. सगळ्या तऱ्हेच्या वस्तू विकणाऱ्या लिलावदाराकडून इतक्या खास माहितीची अपेक्षा धरता येत नाही, असा निकाल लागला.

हे मी किमतीसाठी सांगत नाही. त्या गालिच्याच्या पाठीला चार ओळींची चिठ्ठी शिवलेली असती, तर हे सगळं घडलंच नसतं. आपल्याकडे सरदार, इनामदार, संस्थानिक घराण्यांच्या वाड्यांतून असे कितीतरी गालिचे आजही माळ्यावर गुंडाळून पडलेत. बरोबर एखादी घरातली गोष्ट असते: 'पेशव्यांनी दिलेला', 'आजेसासूबाईंबरोबर बडोद्याहून आलेला'. अशी गोष्ट ऐकून लगेच विश्वास ठेवू नये आणि हसून टाकूनही देऊ नये. ती तपासायची असते. मी अशा घरांतल्या गालिच्यांच्या नोंदी करत आले आहे, आणि ज्या क्रमाने काम करते तो क्रम खाली देते आहे.

आधी काहीही धुऊ नका, उसवू नका

गालिचा बाहेर काढला की घरातल्या कुणाला तरी तो 'जरा स्वच्छ करून घ्यावा' असं वाटतंच. तिथेच थांबवा. धुण्यात रंग जातात, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे मागचं अस्तर काढून टाकलं जातं. एका घरी मी पोहोचले त्याच्या महिनाभर आधी गालिचा धुण्याच्या दुकानात जाऊन आला होता. घरातल्या आत्याबाईंना अस्तरावर शाईने काहीतरी लिहिलेलं आठवत होतं. काय लिहिलं होतं ते मात्र कुणीच वाचलेलं नव्हतं, आणि अस्तर दुकानातच फेकलं गेलं होतं. त्या घराचा अर्धा इतिहास तिथे संपला, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

पाठीमागची बाजू इतकी महत्त्वाची का, याचं उत्तम उदाहरण जयपूरच्या राजघराण्याचे गालिचे. त्यांच्या मागे कोठारातल्या नोंदींच्या कापडी पट्ट्या शिवलेल्या सापडल्या. गालिचा कधी आला, त्याचं माप काय, तो कुठला, असा तपशील त्यांत असे, आणि त्यांतल्या कित्येकांवर 'लाहोरचा' अशी नोंद होती. मुघल काळातल्या गालिच्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांना या पट्ट्यांचा फार उपयोग झाला.

म्हणून सुरुवातीला एवढंच करा. गालिचा सावलीत, कोरड्या जागी, स्वच्छ चादरीवर पसरा. कसर लागली असेल तर दुसऱ्या लोकरीच्या कपड्यांपासून लगेच वेगळा ठेवा. गालिच्यावर बारीक जाळी पसरून, व्हॅक्यूमची ओढ कमी ठेवून, दोन्ही बाजूंची धूळ काढा. झोडपू नका. पुन्हा ठेवताना घडी न घालता गुंडाळा.

मग फोटो. वाड्याला चौक असेल तर माडीवरून अख्खा गालिचा एका चौकटीत येतो. त्यानंतर चारही कोपरे, चारही कडा, दोन्ही टोकांच्या दशा, मागची बाजू, आणि प्रत्येक ठिगळ, रफू, डाग जवळून. फोटोत मोजपट्टी असू द्या. कोपऱ्यांवर जास्त वेळ घालवा. हाताने विणलेल्या गालिच्यात काठाची नक्षी चारही कोपऱ्यांत सारखी वळणं क्वचितच घेते, त्यामुळे कोपरे ही त्याची बोटांच्या ठशांसारखी ओळख असते. पुढे जुना फोटो हाती लागला की हेच उपयोगी पडतं.

माप घेताना रुंदी तीन ठिकाणी घ्या: दोन्ही टोकांना आणि मध्यावर. लांबी दोन्ही कडांनी घ्या. जुन्या याद्यांत माप गजात किंवा हातात असतं, आणि गज सगळीकडे सारखा नव्हता. त्यामुळे आकडे थेट जुळत नाहीत, पण लांबी आणि रुंदीचं गुणोत्तर जुळतं. यादीत 'लांब ६ गज, रुंद ३॥ गज' असेल आणि तुमचा गालिचा अठरा फूट बाय साडेदहा फूट असेल, तर पुढे शोधायला जागा आहे. दहा फूट बाय दहा फूट असेल तर ती नोंद दुसऱ्याच कशाची तरी आहे.

मग माणसांना विचारा

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी एकेकट्याने बोला. सगळ्यांना एकत्र बसवलं की सगळे एकच गोष्ट सांगू लागतात. प्रश्न साधे ठेवा. तो कुठल्या खोलीत असायचा? कोणत्या दिवशी अंथरायचे? दसऱ्याला की लग्नमुंजीला? गुंडाळून कुठे ठेवत, कोण उचलायचं? 'पेशव्यांचा होता ना?' असं कधीही विचारू नका, कारण त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. वाड्यात पूर्वी काम करणाऱ्या कुटुंबांनाही विचारा. बिछायत झाडणाऱ्या माणसाला गालिच्याचं वजन आणि त्याचा फाटका कोपरा मालकापेक्षा जास्त लक्षात असतो.

सांगणारा जे शब्द वापरेल तेच शब्द लिहून ठेवा, आणि त्याने ते स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं हेही लिहा.

पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतल्या घरांत 'पानशेतात भिजला होता' असं हमखास ऐकू येतं. ते पडताळता येतं. १२ जुलै १९६१ च्या पुरात पाणी जिथवर चढलं तिथवर गालिच्यावर डागाची रेघ राहिलेली असू शकते, आणि गाठींच्या बुडाशी गाळही सापडतो. दक्षिण महाराष्ट्रातल्या घरांतून '१९४८ च्या जाळपोळीत कागद गेले' असं कळलं तर तेही तारखेसह नोंदवा. गालिचा कुणाकडून कुणाकडे गेला या साखळीतली ती कडी का तुटली, याचं ते खरं कारण आहे, आणि पुढच्या शोधकाचा वेळ त्याने वाचतो.

जुने फोटो शोधा. मुंजीतला, लग्नातला, दरबाराचा, महाराज किंवा सरदार खुर्चीवर बसलेले आणि पायाखाली गालिचा. अशा फोटोंत आपण नेहमी चेहरेच पाहतो. आता जमिनीकडे पाहा. काठ दिसत असेल तर मघाचे कोपऱ्यांचे फोटो शेजारी ठेवा. एखादं ठिगळ दोन्हींकडे असेल, तर त्या फोटोच्या वर्षी गालिचा त्या घरात होता हे ठरलं. शंभर तोंडी आठवणींपेक्षा असा एक फोटो मोलाचा.

गालिचा स्वतः काय सांगतो

सगळ्यात आधी तो हाताने विणलेला आहे का, ते बघा. कितीतरी वाड्यांतले 'इराणी' गालिचे यंत्रमागावर विणलेले विलायती निघतात. दशा वेगळ्या शिवून जोडलेल्या असतील आणि मागची बाजू यंत्रासारखी एकसारखी असेल, तर तो तसा समजा. त्यातही वाईट काही नाही. संस्थानिकांनी असे गालिचे मुद्दाम मागवले, आणि त्यांची बिलं सापडण्याची शक्यता जास्त असते.

हाताचा असेल तर मागून भिंग लावून गाठी मोजा. एक इंच आडव्या किती, एक इंच उभ्या किती, त्यांचा गुणाकार. पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या इराणमधल्या अर्दबिलच्या प्रसिद्ध गालिच्यात चौरस इंचाला सुमारे ३४० गाठी आहेत, त्यावरून अंदाज येईल. पण गाठी जास्त म्हणजे गालिचा जुना, हा समज सोडून द्या. त्यातून कसब कळतं, वय कळत नाही. गाठीचा प्रकारही पाहा. मागून प्रत्येक गाठीचे दोन सारखे ठिपके दिसत असतील तर ती बहुधा तुर्की गाठ, एकच ठिपका दिसत असेल तर फारसी. हिंदुस्थानात आणि इराणच्या शहरांत फारसी गाठच जास्त. ताणा (उभे धागे) कशाचा, बाण्याचे (आडवे) धागे गाठींच्या दोन ओळींमध्ये किती वेळा घातलेत, हेही लिहा. आउग्सबुर्गचा तो गालिचा ज्या केरमानी पद्धतीचा, तिची ओळख नक्षीवरून जितकी पटते तितकीच बाण्यावरूनही: तीन बाणे, त्यातला मधला बारीक. नक्षीची नक्कल कुठेही होते, पण विणण्याची सवय विणकराच्या हातात असते आणि ती सहज बदलत नाही.

रंगांवर मात्र निवांत वेळ द्या, कारण तारखेची सर्वांत भक्कम खूण इथे मिळते. पहिला कृत्रिम रंग, जांभळा, १८५६ मध्ये बनला. मॅजेंटा १८५९ मध्ये आला. मंजिष्ठासारख्या मुळांतून मिळणारा लाल रंग प्रयोगशाळेत बनवण्याची कृती १८६८-६९ मध्ये सापडली, आणि कृत्रिम नीळ बाजारात आली ती १८९७ मध्ये. यातला एखादा रंग मूळ विणीत असेल, तर गालिचा त्या वर्षाच्या आधीचा असूच शकत नाही. उलट बाजूने हे लागू होत नाही. नैसर्गिक रंग पुढेही वापरात राहिले, म्हणून ते दिसले की 'जुना' असा शिक्का मारू नये.

घरी करता येणारी तपासणी सोपी आहे. उजेडात लव, म्हणजे गाठींची वर आलेली लोकर, बोटांनी फाकवा. टोकाला राखाडी किंवा फिकट आणि बुडाशी भडक जांभळा-गुलाबी दिसला, तर तो सुरुवातीच्या कृत्रिम रंगांपैकी असण्याची दाट शक्यता. गडद तपकिरी आणि काळ्या भागांत लव जास्त झिजून नक्षी खोलगट झाली असेल, तर तिथे लोखंडाचा क्षार वापरलेला असतो. तो लोकर हळूहळू खातो. मात्र हे सगळं मूळ विणीत बघा. रफूतली लोकर नंतरची असते, आणि तिच्यावरून काढलेली तारीख रफूची असते. पक्की खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत रंगाचं पृथक्करण होतं, चिमूटभर धागा पुरतो. कार्बन चाचणीचा खर्च करण्याआधी एक लक्षात घ्या: साधारण १६५० नंतरच्या वस्तूला ती इतका मोठा कालखंड दाखवते की उत्तर जवळजवळ निरुपयोगी ठरतं.

गालिच्यात विणलेली तारीख असेल तर ती बहुधा हिजरी. आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. अर्दबिलच्या गालिच्यावर ९४६ आहे, त्याचं उत्तर १५३९-४० येतं. आता भिंग घेऊन त्या आकड्यांच्या आसपासची लव तपासा. फारसी आकड्यांत ३ चा एक दात काढला की २ होतो, आणि १३०२ चं १२०२ करून गालिचा जवळपास शंभर वर्षांनी म्हातारा करता येतो. तारखेभोवतीच्या गाठी मागून वेगळ्या दिसल्या, रंग जरा निराळा वाटला, तर ती तारीख पुरावा म्हणून धरू नका.

तुरुंगातले गालिचे

मराठी घरांच्या बाबतीत ही शक्यता पहिल्यांदा तपासावी असं माझं मत आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर हिंदुस्थानी गालिच्यांना युरोपात मागणी वाढली आणि इंग्रज सरकारने तुरुंगांत माग बसवले. आग्रा, लाहोर, आणि आपल्याकडे येरवडा. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला गालिचा आजही विंडसरच्या किल्ल्यात आहे. ८० फूट बाय ४० फूट, अखंड, वजन दोन टनांच्या घरात. येरवड्यात विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांवरून नक्षी उतरवल्या गेल्या. त्यामुळे असा गालिचा समोर आला की नक्षी आदिलशाहीची, विण एकोणिसाव्या शतकाची आणि घरातली गोष्ट 'विजापूरहून आला' अशी. तिन्ही आपापल्या जागी खऱ्या असतात, फक्त एकमेकांत मिसळलेल्या.

बेळगावात जन्मलेले, हिंदुस्थानी कारागिरीचे अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या सुमारास तक्रार केली होती की तुरुंगांतल्या या कारखान्यांनी बाहेरच्या विणकरांचा धंदा बुडवला. ती खरीच होती. तरीही 'तुरुंगाचा' म्हटल्यावर घरच्यांचे चेहरे उतरतात ते मला पटत नाही. ज्यांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत अशा माणसांनी महिनोन्‌महिने बसून मारलेल्या गाठी आहेत त्या. आणि शोधकाच्या दृष्टीने तर ही पर्वणीच, कारण सरकारी तुरुंग म्हणजे कागद आलेच. मुंबई इलाख्याच्या तुरुंग खात्याचे वार्षिक अहवाल, प्रदर्शनांचे कॅटलॉग, मागणीची पत्रं. १८८६ चं लंडनचं आणि १९०२-०३ चं दिल्लीचं प्रदर्शन आधी बघा. दिल्लीत तर खंडेराव गायकवाडांनी करवून घेतलेला बडोद्याचा मोत्यांचा गालिचाही मांडला होता. त्याची त्या वेळी छापील नोंद झाली, म्हणून २००९ मध्ये तो कतारमधल्या दोहा शहरात लिलावाला आला तेव्हा कुणाला ओळख पटवावी लागली नाही.

कागद

पुण्यातल्या फरासखाना चौकीवरून आपण रोज जातो. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, बिछायती, गालिचे सांभाळणारं खातं. मोठ्या घराण्यांत हा स्वतंत्र कारखाना असे आणि त्याचा हिशेबही वेगळा लिहिला जाई. म्हणजे दप्तरात 'गालिचा' एवढाच शब्द शोधून भागत नाही. बिछायत, रुजामा, जाजम, सतरंजी, कालीन हे सगळे शब्द बघा, आणि फरासखान्याचा जमाखर्च आधी उघडा. अहेराच्या याद्या, लग्नातली देणी-घेणी, वाटणीपत्रं हीसुद्धा फार बोलकी असतात. वाटणीपत्रात भांड्यांच्या खाली, पलंगांच्या आधी कुठेतरी एका ओळीत गालिचा सापडतो.

कागद मोडीत असतील तर चांगला वाचक गाठा. स्वतः शिकलात तर उत्तमच. तारखांचं गणित पाठ असू द्या. इसवी सन काढायला शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतला सन) ५९९ किंवा ६०० मिळवा, कारण वर्ष मृगापासून सुरू होतं: शुहूर ११७५ म्हणजे १७७४-७५. दख्खनी फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. मुंबई इलाख्याचे सरकारी कागद मुंबईच्या अभिलेखागारात, करवीर संस्थानचे बरेचसे कोल्हापुरात. भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्यांची दप्तरं आहेत.

संस्थानी घर असेल तर विलीनीकरणाचा काळ आधी तपासा. दख्खनची संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये, बडोदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात. सरकारची मालमत्ता कोणती आणि राजाची खासगी कोणती, हे ठरवण्यासाठी त्या वेळी याद्या झाल्या. १९७१ मध्ये संस्थानिकांचे सरकारी तनखे बंद झाल्यावर पुष्कळ घरांतून वस्तू बाहेर पडल्या, म्हणून विकत घेतलेला गालिचा असेल तर त्यानंतरच्या पावत्या शोधा. घरातला कर्ता अल्पवयीन असताना इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अशा इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, गेली असेल, तर तिथल्या याद्या फार बारकाईने केलेल्या मिळतात.

'शनिवारवाड्यातून आलेला' या दाव्याला एक साधी चाचणी लावा. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाडा जळाला. गालिचा त्याआधी बाहेर पडला असला पाहिजे, आणि अर्थातच त्याआधी विणलेला असला पाहिजे. लवेत मॅजेंटा सापडला तर प्रश्न तिथेच मिटला.

साखळी लिहिणं

आता एक तक्ता करा. वर्ष, कुणाकडे, कुठे, पुरावा काय. प्रत्येक ओळीपुढे 'नक्की', 'संभाव्य' किंवा 'सांगोवांगी' असं लिहा. रिकामी वर्षं रिकामीच ठेवा. ती भरण्याचा मोह अगदी प्रामाणिक माणसालाही होतो.

पूर्ण साखळी कशी दिसते ते बघायचं तर लंडनच्या गर्डलर्स कंपनीचा, म्हणजे कमरपट्टे बनवणाऱ्यांच्या जुन्या संघाचा, गालिचा बघा. या संघाचे प्रमुख रॉबर्ट बेल यांनी तो १६३० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीमार्फत लाहोरात विणवून घेतला. गर्डलर्सची मुद्रा गालिच्यातच विणलेली आहे, आणि तो अजून गर्डलर्सकडेच आहे. उलट अर्दबिलचा गालिचा इतका प्रसिद्ध, कारागीर म्हणून मक्सूद काशानीचं नाव आणि सन त्याच्यावर विणलेलं, १८९३ मध्ये २००० पौंडांना घेतल्याचा दाखला. तरी तो अर्दबिलच्या दर्ग्यात नेमका कुठे अंथरलेला होता यावर अभ्यासकांचा वाद चालत आला. शिवाय जोडीतल्या दुसऱ्या गालिच्याचे तुकडे घालून तो दुरुस्त केलेला आहे, आणि त्या दुसऱ्याचा उरलेला भाग लॉस एंजेलिसला आहे. म्हणून दुरुस्त्यांची नोंदही तक्त्यात आलीच पाहिजे.

विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी समजून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. गालिचा तितका जुना नसेल आणि परदेशातल्या मुलांकडे पाठवायचा असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्या.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे. पांढऱ्या, धुऊन घेतलेल्या सुती कापडाची वीतभर पट्टी घ्या. न पसरणाऱ्या शाईने तिच्यावर लिहा: माप, घराचं नाव, गाव, कुणाकडून कुणाकडे आला, तक्त्याची प्रत कुठे ठेवली आहे, आणि आजची तारीख. ती मागच्या बाजूला एका कोपऱ्यात, गाठींना धक्का न लावता, काठाच्या शिवणीला सैल टाक्यांनी अडकवा. जुनी पट्टी किंवा अस्तर असेल तर ते काढू नका, नवी तिच्या शेजारी शिवा.